वुमकर नावाची कबर

कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, रेटा देत तिला घाट चढवतात आणि इगतपुरीला सुटतात. तेवढ्या वेळात डब्यातून चहा आणि वडापाव फिरून येतो. याच डब्यात एखादं कुटुंब मात्र काही न घेता गप्प बसलेलं असतं. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हातात पिशवी असते, पिशवीत फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. ते खाली टेकवायचं नसतं, म्हणून माणसं आळीपाळीने धरून बसतात. नाशिकरोडला उतरायचं, रामकुंडावर जायचं. १८६५मध्ये रेल्वे इगतपुरीला पोचली, तेव्हापासून मुंबईकरांच्या कितीतरी पिढ्यांच्या अस्थी याच वाटेने गोदावरीवर गेल्या आहेत.

पहिल्या महायुद्धात याच घाटातून उलट्या दिशेनेही गाड्या धावत होत्या. देवळालीच्या छावणीतून निघालेले सैनिक इगतपुरीवरून उतरून मुंबईच्या गोदीत जात आणि तिथून बोटीने पुढे. त्यातले अनेक परत आले नाहीत. ही गोष्ट मात्र ज्याची आहे, तो मुंबईचा तरुण युद्धाला गेला तो इंग्लंडमधूनच. श्रीकृष्ण वेलिणकर त्याचं नाव. तो पलटणीत गेला नाही, विमानात बसला. जून १९१८मध्ये फ्रान्सच्या आकाशात तो दिसेनासा झाला आणि पुढे युद्ध संपेपर्यंत त्याचं काय झालं याचा पत्ता लागला नाही. पत्ता लागला तेव्हा त्याच्या कबरीवर नाव दुसऱ्याचंच होतं. खरं तर कुणाचंच नव्हतं.

वेलिणकर विमानात कसा बसला, हे आधी सांगायला हवं, कारण त्या काळी हिंदी माणसाने लढाऊ विमान चालवणं जवळजवळ अशक्य होतं. हिंदुस्थानी सैन्यात लाखो शिपाई होते, सुभेदार आणि जमादारही होते. पण राजाच्या सहीची सनद घेतलेला अधिकारी होण्याचा दरवाजा हिंदी तरुणांना बंद होता. उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा हवा, ही अट लेखी होती. रॉयल फ्लाइंग कोअर म्हणजे ब्रिटिशांचं हवाई दळ, आणि त्यात तर वैमानिक बहुतेक अधिकारीच असत. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकणाऱ्या हिंदी मुलांचे वर्गमित्र १९१४मध्ये एकेक करून गणवेशात गेले. ही मुलं मागे राहिली, ती हिंमत नव्हती म्हणून नव्हे. त्यांना कुणी घेईना.

ऑक्सफर्डच्या हरदित सिंग मलिकने आधी फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवली. मग फ्रेंचांनी त्याला आपल्या हवाई दळात घ्यायची तयारी दाखवली. तेव्हा त्याचे प्राध्यापक फ्रान्सिस अर्कहार्ट यांनी ब्रिटिश हवाई दळाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. मथितार्थ असा, की आपल्या साम्राज्याचा प्रजाजन परक्यांसाठी लढायला निघाला आहे, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही. मात्रा लागू पडली. १९१७च्या एप्रिलमध्ये मलिकला सनद मिळाली. पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट करून घेऊन तो उडू लागला. त्याच्या मागोमाग आणखी तिघं आले : कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरल चंदर सेन, आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला मुंबईचा वेलिणकर. पश्चिम आघाडीवर लढाऊ विमान चालवलेल्या हिंदी वैमानिकांत ठळकपणे घेतली जातात ती ही चार नावं.

वेलिणकर होता २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. तिथे सॉपविथ डॉल्फिन नावाचं विमान होतं. फ्रान्समध्ये ते अवघ्या चार स्क्वाड्रनांना मिळालं होतं. दिसायला ते जरा विचित्रच. दोन पंख एकावर एक, पण वरचा पंख खालच्याच्या मागे सरकवलेला, आणि त्या वरच्या पंखाच्या मधोमध उघडी चौकट. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर निघे. वरचं आणि पुढचं आकाश लख्ख दिसे, हा फायदा. विमान उतरताना नाकावर पडून उलटलं तर सगळा भार मानेवर येई, ही भीती. दोन मशीनगन पुढे आणि हव्या तर दोन वर लावता येत. खूप उंचावर हे विमान चांगलं चाले, त्यामुळे त्याच्या वैमानिकांना कडाक्याच्या थंडीत, विरळ हवेत तासन्‌तास गस्त घालावी लागे. पॅराशूट नव्हतं. बलूनमध्ये बसून टेहळणी करणाऱ्यांना ब्रिटिश सैन्य पॅराशूट देई, वैमानिकांना देत नसे. जर्मन वैमानिकांना १९१८च्या मध्यापासून ते मिळू लागलं होतं.

आणखी एक गोष्ट वैमानिकांच्या विरुद्ध होती, ती म्हणजे वारा. उत्तर फ्रान्समध्ये वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूकडून जर्मनांकडे. त्यातून ब्रिटिश सेनापतींचं धोरण असं, की लढाई शत्रूच्या हद्दीवर जाऊनच करायची. चकमकीत गुंतलेलं विमान वाऱ्याबरोबर आणखी पूर्वेला ढकललं जाई आणि इंजिन बिघडलं किंवा वैमानिक जखमी झाला, की परतीची वाट वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून ब्रिटिश वैमानिक पडले ते बरेचसे जर्मन मुलखात. ते मेले की धरले गेले, हे त्यांच्या सोबत्यांना कळायचा मार्ग नव्हता. हिशेबात त्यांची नोंद एका शब्दात होई : बेपत्ता.

२७ जून १९१८. मार्चमध्ये जर्मनांनी सोमच्या खोऱ्यात प्रचंड मुसंडी मारली होती आणि एप्रिलमध्ये ते आमियाँ शहराच्या दाराशी, विलेर-ब्रेतोन्नो आणि आँगार या गावांपाशी येऊन अडले होते. मागची कित्येक मैल जमीन त्यांच्या ताब्यात होती. त्या दिवशी गस्तीवर गेलेला वेलिणकरचा डॉल्फिन तळावर परत आला नाही.

बेपत्ता माणसाच्या घरी तार जायची. तिच्यात खेद असायचा आणि पुढची बातमी कळताच कळवू, असं आश्वासन. त्यानंतर सुरू होई ती वाट पाहणं. जिनिव्हाला रेडक्रॉसने युद्धकैद्यांची कचेरी उघडली होती. तिथल्या नोंदपत्रांची संख्या लाखांत मोजावी लागे. दोन्ही बाजूंची सरकारं याद्या पाठवत, स्वयंसेवक ती नावं पत्रांवर उतरवत आणि कुणाची आई, कुणाची बायको विचारायला आली, की ती पत्रं चाळत. वैमानिकांमध्ये आणखी एक पद्धत होती. शत्रूचा माणूस आपल्या हद्दीत पडला, तर तो जिवंत आहे की गेला याची चिठ्ठी एखाद्या डब्यात घालून त्याच्या तळावर टाकून यायची. जमिनीवर खंदकांतून जे चाललं होतं त्याच्यापुढे हा शिष्टाचार फार नाजूक वाटतो, पण त्याने अनेक घरांची टांगणी संपवली. सेनच्या बाबतीत गोष्ट सरळ झाली : सप्टेंबर १९१७मध्ये पडला, कैद झाला, युद्ध संपल्यावर सुटला. वेलिणकरचं नाव मात्र ना कैद्यांत, ना मृतांत.

आपल्याकडे अशा माणसासाठी शास्त्राने सोय करून ठेवली आहे. परागंदा झालेल्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांची आणि दर्भाची आकृती करून तिला अग्नी द्यायचा. त्याला पालाशविधी म्हणतात. ज्यांनी तो विधी शोधला त्यांना माणसाच्या मनाची चांगली जाण होती असं मला वाटतं. देह नसला तर शोकालाही धरायला काही राहत नाही, म्हणून त्यांनी पानांचा देह केला. बारा वर्षांची मुदतही अशीच शहाणपणाची. आशेला काही तरी शेवटची तारीख हवी.

नोव्हेंबर १९१८मध्ये तोफा थांबल्या आणि फ्रान्समध्ये एक वेगळीच मोहीम सुरू झाली. रणभूमीचे नकाशावर चौकोन पाडायचे आणि सैनिकांच्या तुकड्यांनी एकेक चौकोन पायांखाली घालून प्रेतं शोधायची. एकाच जागेवर सहा-सहा वेळा शोध झाला. सरावलेल्या माणसाला खुणा कळत : जमिनीत रोवलेली बंदूक, गवताचा गडद निळसर-हिरवा पट्टा, खड्ड्यातल्या पाण्याचा काळपट रंग, उंदराच्या बिळातून वर आलेला हाडाचा तुकडा. सापडलेल्या सांगाड्याची ओळख पटवायची ती गळ्यातल्या ओळखपट्टीवरून. ती कुजली असेल तर बुटावरून, चमच्यावर कोरलेल्या नंबरावरून, खिशातल्या पत्रावरून. १९२१च्या सप्टेंबरमध्ये ही अधिकृत मोहीम थांबली तोवर दोन लाखांहून अधिक देह उचलून नव्या कब्रस्तानांत नेले गेले होते. जर्मनांनी आपल्या मुलखात पुरलेल्या ब्रिटिशांच्या कबरीही याच कामात तपासल्या गेल्या.

वेलिणकरच्या शोधात कर्नल बार्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने फार खटपट केली. कागद चाळता चाळता रुव्रुआ इथल्या एका कबरीची नोंद हाती आली. जर्मनांनी तिथे पुरलेल्या माणसाचं नाव लिहिलं होतं : ओबरलॉइटनंट एस. सी. वुमकर.

असं आडनाव इंग्लंडमध्ये नसतं, जर्मनीतही ऐकिवात नाही. पण इंग्रजीत ‘वेलिणकर’ हाताने लिहून पाहा. सुरुवातीचं अक्षर तेच, शेवटची तीनही तीच. मधल्या चार अक्षरांचे उभे फराटे घाईत, पेन्सिलीने, अनोळखी नाव ऐकून किंवा मळक्या कागदावरून उतरवताना एकमेकांत मिसळले, की त्यांचं ‘उम’ सहज होतं. ही माझी अटकळ आहे, पण जर्मन कारकुनांची तेव्हाची तिरपी, टोकदार लिपी पाहिलेल्याला ती पटावी. हुद्द्याची गंमत तर आणखी वेगळी. ब्रिटिश लेफ्टनंटच्या बरोबरीचा जर्मन हुद्दा ओबरलॉइटनंट, म्हणून त्यांनी आपल्या भाषेत तो लिहिला. कुणी नुसती यादी वाचत गेला असता तर हा एखादा जर्मनच, असं समजून पुढे सरकला असता. बार्टन थांबले.

मग बाकीचं उलगडलं. वेलिणकर पडला तेव्हा मेला नव्हता. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती लागला, तीन दिवस जगला आणि ३० जूनला त्याच जखमांनी गेला. त्या तीन दिवसांत त्याच्याजवळ कोण होतं, तो कुणाशी काय बोलला, कागदांत नाही. नाव मात्र त्याचं कुणी तरी लिहून घेतलं होतं, चुकीचं का होईना.

आता प्रश्न येतो तो अस्थींचा. मुंबईच्या घरी त्या का आल्या नाहीत?

१९१५च्या वसंतात फ्रान्सच्या सेनापतींनी रणभूमीवरची प्रेतं उकरून नेण्यावर बंदी घातली होती. तरीही त्याच एप्रिलमध्ये इंग्लंडच्या माजी पंतप्रधानांचा नातू, लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन, मारला गेला तेव्हा त्याचा देह वरपर्यंत वजन खर्च करून घरी आणला गेला. त्यावरून वादळ उठलं. फेबियन वेअर हा माणूस तेव्हा रेडक्रॉसच्या एका पथकाबरोबर कबरींची नोंद ठेवत होता. त्याचं म्हणणं साधं होतं : पैसेवाल्याचा मुलगा घरी येणार आणि गिरणीकामगाराचा चिखलात राहणार, हे चालणार नाही. १९१७मध्ये त्याच्याच पुढाकाराने इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झालं आणि नियम ठरला, की कुणाचाच देह घरी जाणार नाही. सगळ्यांना एकाच मापाचा दगड, हुद्दा कोणताही असो. आयांनी अर्ज केले, मोठमोठ्या सह्यांची निवेदनं झाली. १९२०च्या मे महिन्यात पार्लमेंटात कडाडून चर्चा झाली. नियम हलला नाही. अमेरिकेने आपल्या हजारो सैनिकांचे देह जहाजांनी परत नेले, फ्रान्सनेही पुढे घरच्यांना परवानगी दिली. ब्रिटिश साम्राज्याने दिली नाही. घरच्यांना मुभा एवढीच, की दगडावर खाली ६६ अक्षरांपर्यंत आपल्याला हवा तो मजकूर कोरून घ्यावा.

आँगार गावाच्या कब्रस्तानाला जोडून कॅनडाच्या सैनिकांनी ऑगस्ट १९१८मध्ये, आमियाँच्या लढाईत मेलेल्या आपल्या लोकांसाठी थोडी जागा घेतली होती. युद्धानंतर आसपासच्या रानांतल्या आणि लहान दफनभूमींतल्या कबरी उचलून तिथे आणल्या गेल्या आणि ती साडेपाचशेहून अधिक माणसांची झाली. त्यातली निम्म्याहून जास्त आजही अनामिक आहेत. वेलिणकर ऑगस्टच्या आधीच गेलेला आणि तोही जर्मनांच्या मुलखात. तो तिथे आला तो या उचलाउचलीतच. वुमकर पुसला गेला आणि पांढऱ्या दगडावर नीट नाव आलं. ते सापडलं नसतं तर त्याचं नाव आरास इथल्या वैमानिकांच्या स्मारकावर गेलं असतं. पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या जवळपास १,००० जणांची नावं तिथे कोरली आहेत.

हिंदू माणसाला अग्नी मिळाला नाही, हे मनात येतंच. १९१४-१५मध्ये इंग्लंडच्या ब्रायटन शहरात जखमी हिंदी सैनिकांची इस्पितळं होती. तिथे दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकाडावर रीतसर झालं आणि त्या जागी आज संगमरवरी छत्री आहे. शत्रूच्या हातात मेलेल्याला ती सोय कुठून मिळणार? इंद्रलाल रॉयचंही तेच झालं. जुलै १९१८मध्ये पंधरवड्यात दहा विमानं पाडून हा १९ वर्षांचा मुलगा २२ तारखेला जर्मन हद्दीत कोसळला. त्याची कबर एस्तव्हेल गावात आहे. तिच्यावर बंगालीत मजकूर आहे : वीराची समाधी आहे, मान द्या, हात लावू नका.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की साम्राज्याने आपल्या माणसांची केवढी कदर केली! एका चुकलेल्या नावासाठी कर्नलने कागदांचे ढीग उपसले. खरंच उपसले, आणि त्याचं श्रेय बार्टन यांना द्यायलाच हवं. पण त्याच युद्धात मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पुण्याची सहावी डिव्हिजन गेली होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ त्या कुतच्या वेढ्यात अडकल्या, घोड्याचं मांस खायची पाळी आली, शेवटी शरणागती; आणि कैदेच्या वाटेवर वाळवंटात शेकडोंनी माणसं पडली. १९२९मध्ये बसऱ्याला त्या आघाडीवरच्या बेपत्तांचं भव्य स्मारक उभं राहिलं. त्यावर ब्रिटिशांची नावं आली, हिंदी अधिकाऱ्यांचीही आली. हिंदी शिपायांची आली नाहीत. पलटणीचं नाव आणि खाली आकडा, इतकंच. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या गावांतून गेलेली माणसं त्या आकड्यात आहेत. एकाच मापाचा दगड देणाऱ्या कमिशनचा समतेचा नियम फ्रान्सची हद्द ओलांडली की पातळ होत गेला. कमिशननेच नेमलेल्या समितीने २०२१च्या एप्रिलमध्ये हे लेखी मान्य केलं : आशिया-आफ्रिकेतल्या किमान ४५,००० मृतांची नोंद असमान रीतीने झाली आणि किमान १,१६,००० जणांची नावानिशी कदाचित झालीच नाही. कमिशनने माफी मागितली.

म्हणून वेलिणकरची कबर सापडली यात त्याच्या नशिबाइतकाच त्याच्या केंब्रिजच्या शिक्षणाचा आणि खांद्यावरच्या हुद्द्याचा वाटा आहे, असं माझं मत आहे. तो शिपाई असता तर वुमकरच राहिला असता.

त्या चौघांच्या उड्डाणांचा पुढे उपयोग झाला का? झाला, पण सावकाश. हिंदी माणूस विमान चालवू शकत नाही, हा युक्तिवाद १९१८नंतर टिकण्यासारखा नव्हता. तरी हिंदी तरुणांना क्रॅनवेलच्या हवाई विद्यालयाचं दार उघडायला १९३० उजाडलं आणि भारतीय हवाई दलाची स्थापना झाली ती ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्याच दलाचे पुढे हृषीकेश मुळगावकर प्रमुख झाले, तेही जन्माने मुंबईकर. चौघांपैकी वाचलेल्या दोघांतला हरदित सिंग मलिक स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला. ज्या देशाने त्याला आपल्या हवाई दळात घ्यायची तयारी आधी दाखवली होती, तिथेच.

बेपत्ता हा शब्द मात्र १९१८मध्ये संपला नाही. १९७१च्या भारत-पाक युद्धात, ५ डिसेंबर रोजी, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचं सुखोई-७ विमान पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडलं. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्याशी जुळणारं नाव तेव्हा एका पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आलं, स्पेलिंग थोडं चुकलेलं : तोंबे. युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा ते त्यात नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले, तेव्हा त्याही गेल्या. हाती काही लागलं नाही. त्या युद्धातल्या बेपत्तांच्या यादीत ५४ नावं आहेत. इथे नाव चुकलं होतं तेही एका अक्षराने, पण त्या अक्षराचा माग काढत शेवटपर्यंत जाणारा बार्टन कुणाला भेटला नाही, आणि भेटला असता तरी दोन शत्रुराष्ट्रांच्या मधल्या भिंतीवरून त्याला उडी मारता आली असती का, शंका आहे.

पॅरिस पाहायला जाणारे मराठी लोक हल्ली पुष्कळ आहेत. पॅरिसहून आमियाँला रेल्वेने सव्वा-दीड तास लागतो, आणि आमियाँच्या आग्नेयेला थोड्याच अंतरावर ल्यूस नावाच्या छोट्या नदीकाठी आँगार हे गाव आहे. गावच्या कब्रस्तानालगत युद्धातल्या कबरींचा वाढीव भाग आहे. एखादा दिवस काढून जावं. जाताना नाशिकहून गोदावरीचं थोडं पाणी नेलं तर तेही चालेल. यादीत नाव शोधताना इंग्रजी डब्ल्यूखाली पाहावं, व्हीखाली नाही.